मोरीचा गाळ

धुलाईकेंद्र पाडलं मार्चमध्ये.
फरशीखाली निघाली आणखी एक फरशी,
तिच्याखाली रोमन न्हाणीघराची मोरी,
माणूस आडवा सरपटेल एवढी,
तोंडापर्यंत काळ्या गाळाने भरलेली.

मी चाळणीवर.
प्लॉव्हडिव्हच्या उन्हात, निळ्या ताडपत्रीखाली
बादली ओतायची, पाईप धरायचा, हलवत राहायचं.
गाळ जातो. उरतं ते
ज्यांचं हरवलं त्यांनी शोधायचं सोडून दिलेलं:
केसांत खोवायची हाडाची सुई,
कुणाचा तरी दुधाचा दात,
आणि मसुराएवढा लाल खडा,
त्यात कोरलेला कोंबडा, एक पाय उचललेला.

रुमेन म्हणतो, वाफेने डिंक सुटायचा.
अंगठी बोटातच, खडा मोरीत.
घरी गेल्यावर कळायचं,
किंवा जेवताना, कुणी विचारलं तर.
मग मोलकरणीवर आळ.
(हे शेवटचं रुमेन म्हणाला नाही. मीच धरून चालले.)

कुंपणापाशी रोज बाराला स्ताम्का येते.
एकतीस वर्षं इथेच इस्त्री केली तिने:
हॉटेलच्या चादरी, डॉक्टरांचे कोट,
पार्टीच्या साहेबांचे शर्ट.
'काय निघालं?' विचारते,
मंडईत भाव विचारावा तसं.
आज कोंबडा, मी म्हणते.
ती जाळीला डोळा लावते.
'एवढासा? याचा रस्सासुद्धा व्हायचा नाही.'

वरच्या थरातलं आम्ही ठेवत नाही.
वहीत त्याला एकच शब्द: अलीकडचं.
अलीकडचं बादलीत, बादली ट्रकमध्ये,
ट्रक मारित्सा नदीपलीकडच्या भरावात.
काचा, तारा, बाटल्यांची बुचं
आणि बटणं.
बटणंच बटणं. पांढरी, चार भोकांची,
एखाद्यात दोरा अजून धरून बसलेला.

काल तिने त्या बादलीकडे बोट केलं.
'त्याचे पैसे माझ्या पगारातून कापायचे.
बटणामागे दोन स्तोतिंकी.
मी म्हणायचे, यंत्र खातं.
मुकादमीण म्हणायची, यंत्राला पोट कुठलं?'

कोंबडा कापसात, कापूस डबीत, डबीवर आकडा.
तो संग्रहालयात जाईल,
लोक भिंगातून त्याचा उचललेला पाय बघतील.
ऑक्टोबरात इथे दोन मजली पार्किंग.
मोरीचा चार हात तुकडा काचेखाली ठेवू म्हणालेत,
लिफ्टच्या शेजारी.

नियमात बसत नाही. पण रुमेन जेवायला गेला होता.
बादलीतली बटणं मी चाळणीत ओतली,
तीनदा धुतली, कोंबडा धुतला तशी,
आणि जाळीखालून ओंजळ ओंजळ सरकवली.
मोजायची का? मी विचारलं.
तिने मान आडवी हलवली.
आमच्याकडे त्याचा अर्थ, हो.

एकशे बारापर्यंत आलो
तेव्हा रुमेनची शीळ ऐकू आली, कोपऱ्यावरून.
सगळी बटणं एप्रनच्या खिशात लोटत ती म्हणाली,
आकडा ध्यानात ठेव.
उद्या तिथून पुढे.