बल भागिले क्षेत्रफळ

पेपर सुरू होण्याआधी ओळखपत्र कॅमेऱ्यापुढे धरायचं.
फोटोतली मी लायब्ररीच्या पायऱ्यांवरून
नुकतीच उठून आल्यासारखी.
आता मागे दोरीवर पाच मास्क वाळताहेत,
त्यातला बाबांचा वेगळा, टोकाला.

सूचना क्रमांक चार : नजर स्क्रीनवरून हटवू नये.
सूचना क्रमांक सात : खोलीत दुसरी व्यक्ती नसावी.

जनता वसाहत. दहा बाय बारा.
दुसरी व्यक्ती नसावी म्हणून
आई गल्लीत पिंपाला टेकून बसलीय.
सहकारनगरातल्या चारही घरांनी
"आम्ही सांगू तेव्हाच या" म्हटल्यापासून
तिला असं नुसतं बसायची सवय होत चाललीय.
सुमेध धाकटीला घेऊन वर, पत्र्यावर.
बाबांना कुठे पाठवणार?
साडी आडवी बांधून त्यांच्यापुरती खोली केलीय.
साडीच्या अलीकडे विद्यापीठ,
पलीकडे खोकला.

प्रश्न पहिला. ताण म्हणजे काय?
पर्याय अ : बल भागिले क्षेत्रफळ.
निमकर मॅडम खडूचा तुकडा चिमटीत धरायच्या.
म्हणायच्या, बल तेवढंच ठेवा, जागा कमी करा, मग बघा.
खडू मोडायचा. आम्ही हसायचो.
तेवढ्यात कँटीनमधले सामोसे संपल्याची बातमी
बाकावरून बाकावर सरकत यायची
आणि तीच आमची सगळ्यात मोठी काळजी असायची.

पलीकडे बोटावरचं यंत्र टीं करतं.
मी पाहते.
"तुमची नजर हटली आहे. इशारा एक."

हे यंत्र ओवेस तांबोळीचं.
घोरपडे पेठेतून सायकल मारत आला,
रस्त्यावर आडव्या बांधलेल्या बांबूवरून हात लांब केला.
चुलत्यासाठी घेतलं होतं, म्हणाला,
आता लागत नाही.
का लागत नाही, ते मी विचारलं नाही.
रात्री ग्रुपवर त्याने युनिट तीनच्या नोट्स टाकल्या,
सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीही.

प्रश्न एकवीस. स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडल्यावर
भार काढून घेतला तरी वस्तू…
उत्तर येतं मला.
रात्री अडीचला छातीत धडधडून जाग येते
तेव्हासुद्धा येत असतं.
फणीत आलेल्या केसांचा गोळा
आईला दिसायच्या आत मी पुडीत बांधून टाकते.
दोन दिवस झाले, भाताचा वास नको वाटतो.
आजारी तर मी नाहीये. मग कुणाला काय सांगायचं?

पुन्हा टीं.
"इशारा दोन. तिसऱ्या इशाऱ्यानंतर पेपर आपोआप जमा होईल."

आणि मग साडीपलीकडून, दम खात :
"करुणा, इकडं बघू नको. आकडा मी सांगतो."

मार्केट यार्डात पोती मोजायच्या आवाजात
ते सांगत राहिले.
त्र्याण्णव.
मी बीम वाकवला.
चौऱ्याण्णव.
मी खांबावरचा भार काढला.
चौऱ्याण्णवच हाय, लिही तू.
मध्ये बराच वेळ काहीच नाही,
मी मान हलवली नाही,
मानेची शीर दगडासारखी झाली, तरी नाही.
पंच्याण्णव, म्हणाले. एकदम हळू.

पन्नासपैकी सत्तेचाळीस सोडवले.
"आपला पेपर जमा झाला आहे. धन्यवाद."

साडी बाजूला केली.
यंत्र पाण्याच्या तांब्याशेजारी पडलेलं, बंद.
कधीपासून बंद, देव जाणे.
बाबांच्या ओठांना जांभळट रंग.
"कसा गेला?"
सोपा होता, मी म्हटलं.

आईने हाक मारली, गल्लीतली दारं उघडली.
दळवीकाकांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणली.
रिक्षा खाली पर्वती पायथ्याला उभी,
वर येत नाही.
चौघांनी खुर्ची उचलली,
वळणावर ती अडकली,
काका म्हणाले तिरपी घ्या, तिरपी,
आणि मी मागचा उजवा पाय धरला.
हातात अजून फोन होता.
त्याचा कॅमेरा मी बंद केला होता की नाही,
आता आठवत नाही.