सापडलेले तीन

बत्तीस वर्षं मी जमिनीखालच्या केबलचे फॉल्ट शोधले.
नायगाव, भोईवाडा, शिवडीचा उतार.
आधी यंत्र लावायचं, मग कान,
मग रस्त्यावर खडूची फुली:
इथे खणा.
हातभर चुकलो तर मुकादम सानप
पहार टेकवून नुसता बघायचा. तेवढं पुरे व्हायचं.

आता स्क्रीनवर मीच. करडा.
प्रोस्टेटची मूळ गाठ सोडून
आत तीन दिवे पेटलेले:
एक बरगडीत, एक मणक्यात,
एक कमरेच्या हाडात, मसुराएवढा.
सुईतून काय सोडलं होतं त्याचं नाव दोनदा विचारलं,
दोनदा विसरलो.

"पसरलाय," डॉक्टर कारखानीस म्हणाल्या, "पण थोडा.
मोजता येतोय."
मोजता येतोय, हे दोन शब्द
मी परळहून घरी आणले
कागदातल्या गरम भज्यांसारखे, हात बदलत बदलत.
विशाखाला म्हणालो, तीनच आहेत.
ती म्हणाली, सापडलेले तीन.
फॉल्टवाल्याची बायको.

मग पोटात इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी.
मेन स्विच खाली.
असं कुणी म्हणालं नाही;
कागदावर होतं, बारीक अक्षरात.
रात्री दोनला अंगातून भट्टी उसळते,
बनियन पिळावं लागतं.
विशाखा उठून टेबलफॅन माझ्याकडे वळवते,
म्हणते, माझ्या वेळी तू म्हणालेलास
खिडकी उघड.
आणि हसते. मग मीही.
हसताना थोडी लघवी होते, तेही सांगून टाकतो.

रेडिएशनआधी पाणी पिऊन थांबायचं.
रात्री पाचदा उठणाऱ्याला सांगतात, धरून ठेवा.
बाकावर आम्ही चौघं, मांड्या आवळून.
चेंबूरचे कुट्टी घड्याळ बघतात,
अन्सारीभाई डोळे मिटून एकोणतीसचा पाढा म्हणतात,
दर वेळी सातावर अडकतात.

आत एक मुलगी माझ्या कमरेवर
निळ्या शाईनं फुली मारते.
मान उचलून बघितलं मी. रेघ सरळ होती.
म्हटलं, आम्ही वितीनं मोजायचो.
"आम्ही मिलिमीटरनं," ती म्हणाली,
"हलू नका काका."

नाही हलत.
दार बंद होतं, जाड.
ना पहार, ना माती,
यंत्र नुसतं फिरतं माझ्याभोवती, घरघरत,
आणि मी सवयीनं
कान लावून पडलेला,
चौथ्यासाठी.