पाठवा

टाकीच्या सातव्या पायरीवर एक काडी येते.
आठवीवर दोन.
नववी गंजली आहे, तिच्यावर मी पाय देत नाही.

देवलापारहून आत, सागाच्या पलीकडे आमचं उपकेंद्र.
टॅबमधल्या यादीत हे गावच नाही,
म्हणून सहा वर्षं मी शेजारचं गाव निवडते
आणि तिथं कागदोपत्री दुप्पट बाळं जन्मतात.

फुलवंती सरेयाम. वय एकवीस, आठवा महिना.
पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो.
"डोयाम्होरं काजवे चमकतेत, बाई."
पारा दोनदा चढवला. दोन्हीदा तोच:
एकशेसत्तर, एकशेदहा.

टॅबमध्ये सत्तावीस रकाने.
आधार, बँक खातं, नवऱ्याचा मोबाईल,
घरी शौचालय आहे का, हो की नाही.
रक्तदाब एकविसावा.
सगळं भरलं. खालचं हिरवं बटण दाबलं: पाठवा.
चक्र फिरायला लागलं
रामटेकच्या जत्रेतल्या रिकाम्या पाळण्यासारखं,
कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही.

मग टॅब ओट्यावर ठेवला
आणि माझा जुना बटणांचा फोन घेऊन टाकीवर चढले.
खालून तिचा दीर मोटरसायकलचा लाइट
माझ्या पायांवर धरून.
लिहिलं: आठ महिने. बीपी १७०/११०. अल्बुमिन तीन प्लस. काजवे.

काजव्यांना कुठलाच रकाना नव्हता.

सत्तर किलोमीटरवर, नागपुरात, मेडिकलच्या रात्रपाळीत
बारापात्रे डॉक्टर. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही.
आवाजही ठाऊक नाही. फक्त त्यांच्या तोकड्या ओळी,
विरामचिन्हं नसलेल्या.
आठव्या पायरीवर गजाला कोपर अडकवून उभी राहिले.
डास. खाली इंजिनाची धडधड.
मग फोन थरथरला:
मॅग्नेशियम द्या पाठवा

तोच शब्द. बटणावरचाच.
पण या वेळी तो आकड्यांना उद्देशून नव्हता.

दोन्ही कुल्ल्यांत इंजेक्शन दिलं,
एकशेआठची गाडी नाक्यापर्यंतच येते,
तिथवर खाट उचलून नेली.
घड्याळ पाहायचं राहूनच गेलं.
वेळेचा रकाना अजून कोरा आहे.

मंगळवारी मीटिंगला रामटेकला उतरले,
स्टँडवर पिशवीतला टॅब वाजला:
माहिती यशस्वीरीत्या पाठवली.
तोवर पोरगी चार दिवसांची झाली होती,
एक किलो नऊशे, काचेच्या पेटीत,
आई बाहेर बाकावर बसून दूध पिळत.

चहा मागवला, नवा फॉर्म उघडला.
जन्म नागपूर, ते यादीत आहे.
पुढचा रकाना: राहणार.
बोट जरा वेळ तसंच राहिलं.