तीस टक्के

राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर,
आमच्या लॅबला मेणाचा वास कायमचा.
त्या मेणात गावाचे तुकडे:
कुणाचं अपेंडिक्स, कुणाची गाठ,
कुणाचा नुसता संशय.
मी कापते. चार मायक्रॉन.
पात्याखालून फीत निघते, कोमट पाण्यावर तरंगते,
मग साय उचलावी तशी काचेवर घ्यायची,
श्वास रोखून.

२३१७ ब. जठर.
नाव वाचलं आणि हात थांबला.
शौकत नायकवडी, वय एकसष्ट.

गॅलरीत मी भावाच्या मांडीवर बसायचे
तेव्हा हा माणूस काळ्या कपड्यांत मैदानभर पळायचा, शिट्टी दातांत.
एका फायनलला, चार मिनिटं उरली असताना,
स्वतःच्याच पेठेविरुद्ध त्यानं पेनल्टी दिली.
रात्री त्याच्या लुनाची सीट कुणीतरी ब्लेडनं फाडली.
आठवडाभर गवळ्यानं रतीब टाकला नाही.
भाऊ अजून म्हणतो, पंच चुकला.
हात लागला होता. मी बघितलं होतं.

दुर्बिणीच्या तपासणीत एकच सापडला होता,
चिमटीएवढ्या तुकड्यात, ग्रंथींचा, नेहमीचा.
मग ऑपरेशन झालं, जठर डब्यातून आलं
आणि खालच्या थरात
दुसरेच कुणीतरी ठासून बसलेले.
केंद्रकात मीठ-मिरी भुरभुरल्यासारखं.
मॅडमनी आणखी दोन स्टेन मागितले.
मी लावले. दोन्हींत तपकिरी उमटलं.
"वीस वर्षांत ही दुसरी," एवढंच म्हणाल्या.
चहावर साय धरली.

नियम असा,
की दोघांनीही निदान तीस टक्के जागा धरली
तरच गाठीला मिश्र म्हणायचं.
कमी पडला, तर रिपोर्टात तळाला एक ओळ.
मॅडमनी मोजलं: पस्तीस.
परत मोजलं: चाळीस.
फोनवर शमशादवहिनी विचारत होत्या,
"मग औषध कुणाचं करायचं, ह्याचं का त्याचं?"
मॅडम म्हणाल्या, जो जास्त उग्र, त्याच्याकडं बघून ठरवतात.
"आणि दुसरा काय नुसता बघत बसणार व्हय?"
मॅडमना उत्तर येत असावं.
त्या दिवशी आलं नाही.

बुधवारी ते स्वतःच आले ब्लॉक न्यायला,
मुंबईला दाखवायचे म्हणून.
शर्ट अंगावर दोन मापं मोठा.
रजिस्टरात सही केली, तारीख टाकली,
वेळेचा रकाना नव्हता तरी वेळही लिहिली.
मग एक काच ट्यूबलाइटसमोर धरली.
"ह्यात कुठला कुठला?"
मी टाचणीच्या टोकानं दाखवलं.
हा गुलाबी भाग, वळ्यांचा. हा जांभळा, गच्च.
"रंग त्यांचा हाय, का तुम्ही दिला?"
आम्ही दिला, म्हटलं. मुळात सगळं पाण्यासारखं असतं.
"बरोबर हाय की," म्हणाले,
"जर्सी घातल्याशिवाय कोण कुणाचा, कसं कळायचं."
आणि हसले. हसताना डावा हात पोटावर,
टाक्यांवर, उशी धरावी तसा.

मला सांगायचं होतं त्या पेनल्टीचं.
की एक पोरगी गॅलरीत होती, तिनं बघितलं होतं.
जीभ उचललीच नाही.
त्यांनी डबी रुमालात बांधली,
दोन गाठी मारल्या,
कठड्याला धरून एकेक पायरी उतरले.
खाली रिक्षावाला हॉर्न देत होता, त्याला म्हणाले,
"थांब की लेका, पळून जातोय व्हय मी?"

२३१८. अपेंडिक्स, वय अकरा.
पातं बदललं.