अर्ध्या बोटाचा कागद

गणपत गल्लीमागच्या बोळात माझं दुकान.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
खालची अक्षरं मीच रंगवली, जरा दाटून बसलीत.
देव, लग्नाचे फोटो, निवृत्तीची मानपत्रं,
गेलेल्या माणसांना हारासकट काच.
हेच रोज.

मंगळवारी मुतगेकर मास्तर हुक्केरीहून आले,
वर्तमानपत्राच्या चार घड्यांतून काढला कागद,
जुन्या धोतराच्या रंगाचा.
कुणा साहेबाच्या प्रवासवर्णनातलं सुटं पान.
"गोकाकचा धबधबा. बघ की ग शेवंता,
पूल नाही, गिरणी नाही,
करदंटाचं एक दुकान नाही!"
आणि स्वतःच हसले.

मी भिंग धरलं.
पाणी सगळं रेघारेघांचं,
सुईनं केस विंचरावेत तसं.
डावीकडं, खडकातून वर आलेले, दोन नारळ.
नारळ? तिथं?
मास्तर म्हणाले, साहेबानं काढलं इथं बसून,
कोरलं कुणी तिकडं, विलायतेत.
त्यानं हिंदुस्थान म्हणून
दोन झाडं पदरची घातली.

पाठीमागं मजकूर.
मास्तर ओळीखाली बोट सरकवत मराठीत सांगत गेले:
नदीचं नाव गटपर्बा.
तीन दिवस झड, बंगला गळका, कोंबडी चिवट.
धबधबा शब्दांत मावत नाही, असं म्हणून
पुढं बावीस ओळी धबधबाच.
आणि शेवटी:
हमाल फार त्रास देतात,
ओल्या चढाचा एक आणा वर मागतात.

"मग दिला का?"
"ते लिहिलेलं नाही."

रात्री शटर अर्धं ओढून मापं घेतली.
उजवी कड कसरीनं खाल्लेली,
माउंटखाली अर्धं बोट गेली असती,
कुणालाच कळलं नसतं.
तिथंच तो दिसला.
उघडा, गुडघ्यापर्यंत पंचा,
हातात मोठी छत्री,
छत्रीखाली तिवई, तिवईवर कुणी नाही.
बसणारा उठून पुढं आलेला,
चित्र काढत होता ना तो.
बाकीची माणसं पाण्याकडं हात करून उभी,
हा एकटा इकडं बघतोय.
तोंड म्हणजे दोन टिंबं, एक आडवी रेघ.
रिकाम्या जागेवर छत्री मात्र सरळ.

आमच्या बाबांनी एकदा कॅम्पातल्या कुणाच्या लग्नाच्या फोटोत
कडेचा एक हात कापला होता.
बाई दुसऱ्या दिवशी परत आली,
म्हणाली, तो माझ्या आईचा होता.
बाबांनी पैसे परत केले,
पण हात कुठून आणणार?

मी माउंट अरुंद घेतलं.
कसरीची कड दिसते, दिसू दे.

शुक्रवारी मास्तरांनी चष्मा वर करून पाहिलं,
"ही बाजू वाकडी वाटते."
"कागदच तसा आहे," मी म्हटलं,
आणि त्यांना भिंग दिलं.
बराच वेळ बोलले नाहीत.
बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी कन्नडात भांडत होतं,
रिक्षावाला मराठीत.

मागचा मजकूरही वाचता यावा म्हणून
दोन्ही बाजूंना काच लावली होती.
काम वाढलं, चाळीस रुपये वर होतील, म्हटलं.
मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं,
मग फ्रेमकडं,
मग सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला.