दार

घाटावरून उतरल्या त्या सगळ्या,
आंबोलीची वळणं ट्रेलरवर बसून काढलेल्या:
दोन डुक्कर फियाट, एक मॉरिस मायनर,
लष्करातून सुटलेली विलीज,
आणि कोल्हापूरच्या कुणा इनामदारांची ब्युइक,
जिच्या बॉनेटवर सकाळचं ऊनही
चढायला बिचकत होतं.

आमच्याकडची एकही नव्हती.
असणार कशी?
वेंगुर्ल्यात लोखंडाला वय नसतं, मुदत असते.
खारा वारा आधी मडगार्ड चाखतो,
मग तळाचा पत्रा, मग चासी,
आणि एक दिवस क्लच दाबावा
तर पाय रस्त्याला लागतो.

मी टेम्पो लावला मैदानाच्या कडेला.
मागे गोणपाटात गुंडाळलेलं दार
आणि दाराला धरून बसलेला इनास मिस्त्री,
कडक इस्त्रीचा शर्ट, पायात मुलाचे बूट.

नोंदणीच्या टेबलावरची मुलगी म्हणाली,
‘गाडी कुठाय, काका?’
‘ही काय.’
‘हे तर दार आहे.’
‘बाकीची वाऱ्यान खाल्ल्यान.
दार तेवढा मी त्येका देवक नाय.’

तिने फॉर्म ओढला. हसली नाही, हे बरं केलं.
मॉडेल: स्टँडर्ड हेरल्ड. साल: चौसष्ट.
मालक: डॉक्टरीणबाई नाबर. त्या वारल्या,
मग गाडी गॅरेजमागे राहिली,
टपात कोंबड्या बसू लागल्या.
(हे फॉर्मात मावलं नाही.)
स्थिती: चालू की बंद?
इनासने हँडल फिरवलं.
काच खाली गेली, न कुरकुरता,
आणि चौकटीत त्या मुलीचाच चेहरा आला.
‘चलता,’ म्हणाला.

क्रमांक एकोणीस. सुरूच्या बुंध्याला टेकवलेलं.
पोरं खिडकीतून डोकी काढून फोटो काढत राहिली.
शेवंती गिरप बाजारातून येता येता थांबली,
पाटी उतरवली, वास घेतल्यासारखी वाकली.
‘माजो थोरलो ह्याच गाडीत झालो,
मोचेमाडच्या पुलार.
ह्या हँडलाक धरून मी आराडलंय, असा.’
आणि धरून दाखवलं.
‘सोड गो,’ इनास म्हणाला, ‘मोडशीत.’

दुपारी ब्युइकचा ड्रायव्हर आला,
पिवळं फडकं खांद्यावर, बोटाने रंग चाचपत.
‘पॉलिश कुठलं?’
‘पानी. गोडा.’
‘नुसतं पाणी?’
‘चाळीस वर्सां. रोज.
नळ इलो नाय त्या दिसा पिण्यातला.’
ड्रायव्हर बराच वेळ तिथेच उभा राहिला.
मालकाने दोनदा हॉर्न दिला तेव्हा गेला.

कप ब्युइकलाच मिळाला, मिळणारच होता.
आम्हाला एक जाड कागद, सोनेरी कडा, ‘सहभाग’.
इनासने त्याची चौपदरी घडी केली
आणि दार खडखडू नये म्हणून
खालच्या फटीत सारली.

परतताना काळोख. वारा समुद्राकडून.
पहिल्याच विहिरीपाशी त्याने
पत्र्यावर थाप मारून टेम्पो थांबवला.
म्हटलं, घर आलंच की आता.
तो गोणपाट सोडत होता.
‘भर कळशी,’ म्हणाला.
‘दिसभर वाऱ्यात उभा होता ता.’