जामीन

फावच्या नगरपालिकेत खुर्च्या सहा, सदस्य नऊ.
कोरम भरला की तिघे उभे राहतात,
म्हणून सभा लांबत नाहीत.

मी तुमसरची. बावीस वर्षं बचत गटांच्या वह्या तपासल्या.
आता इथे, नदी आखातात शिरते त्या शेवटच्या टोकाला,
उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या वह्या तपासते.
एकम् स्थान मात्र इथेही उजवीकडेच,
हातचा इथेही डावीकडेच जातो.
तेवढ्यावर माझं निभावतं. बाकीचं हनान सांगते.

युद्ध संपून किती वर्षं झाली, मी विचारलं होतं.
कुठलं? असं लोकांनी विचारलं.
मुंडकी उडालेले खजूर पाटापाटाने उभे आहेत,
कोणी तोडत नाही, कोणी मोजत नाही.
मेंदी तेवढी बुंध्यापासून परत फुटली,
तीही खाऱ्या पाण्यावर, खुरटी.

नजीहा बिन्त ऊदा.
कारण: बर्फाची पेटी एक, तराजू एक, कोळंबीसाठी.
रक्कम: साडेसात लाख दिनार.
पती: इथे तिने एक रेघ ओढली.

रेघ चालत नाही, गदबान कारकून म्हणाला.
मेला असेल तर दाखला आण,
जिवंत असेल तर सही आण.
बेपत्ता आहे, ती म्हणाली.
गदबानच्या छापील अर्जात
त्या शब्दाला रकाना नव्हता.

चार महिने ती येत राहिली. मुख्तारचं पत्र, शेजारच्यांच्या साक्षी,
एक जुना फोटो, ज्यात तो अर्धा उन्हात आहे.
अखेर ठराव सतरा:
जिचं माणूस कोणत्याच कागदावर नाही
तिचं काम तिच्या अंगठ्यावर भागावं.
उभ्या असलेल्या तिघांचे हात आधी वर गेले.
खैरिया, तस्वाहन आणि आणखी दोघी जामीन राहिल्या,
एकीचा हप्ता चुकला तर चौघींच्या चुलीला झळ.
(व्याज म्हणायचं नाही. सेवाशुल्क.)

अकरा हप्ते. एकदाच उशीर झाला,
तोही वादळाने होड्या अडल्या म्हणून,
तेव्हा तिने पैशांआधी कोळंबी पाठवली
आणि मी ती परत पाठवली, मन मारून.

मग जुलैत पालिकेच्या पंपाची मोटर जळली.
टँकरवाल्यांनी गोड पाण्याचा भाव दुप्पट केला.
बसऱ्याहून उत्तर आलं, निधी पुढच्या तिमाहीत.
उधारीचं पोतं सव्वा हात रितं म्हणतात,
सरकारचं पोतं तर वाटेतच असतं.

गुरुवारी खैरियाच्या अंगणात गटाची बैठक,
दारात चपला काढून गदबान उभा.
मोटर गुंडाळायला बारा लाख, त्याने जमिनीकडे बघत सांगितलं.
खैरियाने कोरा अर्ज काढला, चष्मा पुसला,
आणि अगदी त्याच्याच आवाजात विचारलं:
पती?
अंगण इतकं हसलं की कोंबड्या भिंतीवर चढल्या.
नजीहाने पेन त्याच्या हाती दिलं.
रेघ ओढ, म्हणाली. आमच्याकडे चालते.

मी म्हटलं, बायांनो, नियमात हे बसत नाही.
गटाने सरकारला कर्ज द्यायचं, असं कुठल्याच पुस्तिकेत नाही,
आणि दिलंच, तर सरकारला जामीन कोण?
हनानने हे सांगायला वेळ घेतला.
तोवर नजीहाने शाईची डबी उघडली होती.
कोळंबी सोलून फाटलेला अंगठा,
ठसा नीट उमटेना, तिने दोनदा दाबला.

मंगळवारी नळाला पाणी आलं, आधी लाल, मग पाणी.

दोन हप्ते वेळेवर आले. तिसरा आलेला नाही.
आता सभेच्या दिवशी नजीहा पालिकेत जाते,
चहाचा थर्मास घेऊन,
सहातली एक खुर्ची धरून बसते.
चौघे उभे राहतात, तिला कोणी उठवत नाही.

गेल्या दोन इतिवृत्तांत तिचं नाव
'उपस्थित सदस्य' या मथळ्याखाली आलंय.
गदबानची चूक असावी.
मी वही तपासली, सही केली,
आणि ती तशीच ठेवली.